मुंबईत पॉइन्सेटिया: नाताळात आणलेलं झाड पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लाल कसं करायचं

डिसेंबर लागला की नर्सऱ्यांच्या दाराशी लालभडक पॉइन्सेटियाच्या रांगा लागतात. वांद्रे, माहीम, वसई इथे तर घरोघरी एखादी कुंडी जातेच, पण आता दादर-मुलुंडच्या बाल्कन्यांतही ती दिसते. मार्च येईपर्यंत यातली निम्मी झाडं पानं गाळून काटक्या होतात आणि सोसायटीच्या कचऱ्यात जातात. "आपल्याकडे टिकत नाही हो हे," असं ठरवून लोक पुढच्या नाताळात नवीन आणतात.

झाड टिकतं. ते पानगळीचं झुडूप आहे, पानं टाकणं हा त्याचा स्वभावच आहे. अवघड आहे ते पुन्हा लाल करणं. ज्यांनी झाड जगवलंय त्यांची तक्रार ठरलेली असते, "वाढलं छान, पण नुसतं हिरवं." मग खत बदलतात, कुंडी बदलतात, कुणीतरी फुलं येण्याचं औषध आणून देतं. त्याचा उपयोग होत नाही, कारण कमतरता खताची नसून अंधाराची असते. शरद ऋतूत या झाडाला रोज रात्री लांब, सलग आणि खरा काळोख लागतो, आणि मुंबईत तोच मिळत नाही. हा लेख मुख्यतः त्या काळोखाची सोय कशी करायची यावर आहे. बाकीच्या वर्षाची निगा तुलनेने सोपी आहे.

आधी झाड समजून घेऊ

पॉइन्सेटिया मूळचं मेक्सिकोचं. तिथल्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या उतारांवर, पानगळीच्या जंगलात ते १०-१२ फुटांचं झुडूप म्हणून वाढतं आणि कोरड्या दिवसांत पानं गाळतं. कूळ एरंडाचं, आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजनैतिक प्रतिनिधी जोएल पॉइन्सेट यांनी १८२०च्या दशकात ते आपल्या देशात नेलं आणि पुढे नाताळाशी त्याची सांगड बसली.

लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीत, ती शेंड्याची पानंच आहेत. खरी फुलं म्हणजे मधोमध असलेल्या पिवळ्या-हिरव्या गुंड्या. रात्र साधारण १२ तासांच्या पुढे गेली की झाड फुलायची तयारी करतं आणि शेंड्याला येणारी नवी पानं रंगीत निघतात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे २२-२३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते आणि डिसेंबरात ती १३ तासांच्या आसपास पोचते. म्हणजे निसर्गाच्या हिशेबाने आपल्याकडे झाडाने काही न करता लाल व्हायला हवं. पाचगणी-महाबळेश्वरकडे बंगल्यांच्या कुंपणाला ती तशी होतातही. मुंबईत दोन गोष्टी आड येतात: रात्रीचे दिवे आणि ऑक्टोबरचा उकाडा. रात्रीचं तापमान २२-२३ अंशांच्या वर राहिलं तर फुलायची प्रक्रिया रेंगाळते, आणि आपल्या ऑक्टोबरच्या रात्री नेमक्या तेवढ्याच गरम असतात. दिव्यांचं आपण काही करू शकतो, उकाड्याचं फारसं नाही. म्हणून मुंबईच्या बाल्कनीतला पॉइन्सेटिया नाताळाऐवजी संक्रांतीला पूर्ण रंगला तरी हिरमुसू नका.

विकत घेताना

मधल्या पिवळ्या गुंड्या बघा. त्या घट्ट मिटलेल्या हव्यात. त्यांतून परागकण झडायला लागले असतील किंवा गुंड्याच गळून गेल्या असतील तर ते झाड शिळं, रंग फार दिवस टिकणार नाही. खालची हिरवी पानं कुंडीच्या काठापर्यंत शाबूत हवीत. पान उलटून पांढरी माशी आहे का ते पाहा, हात लावल्यावर भुर्रकन उडते ती. प्लास्टिकच्या नळकांड्यात गुंडाळून कित्येक दिवस ठेवलेलं झाड घेऊ नका. त्याची पानं लोंबतात आणि घरी आल्यावर पटापट गळतात.

घरी आणल्या आणल्या कुंडीभोवतीचा चमकीचा कागद काढून टाका. दिसायला छान दिसतो, पण आत पाणी साचतं आणि आठवड्याभरात मुळं कुजतात. नाताळात आणलेल्या झाडांतली बरीचशी या कागदापायी जातात. पाहुण्यांसाठी हवाच असेल तर तळाला भोकं पाडा.

जानेवारी-फेब्रुवारीत झाड भरपूर उजेडात ठेवा, पण एसीच्या झोतात नको आणि टीव्हीवरच्या शोभेच्या कोपऱ्यातही नको. वरची माती बोटाच्या पेराएवढी कोरडी झाली की पाणी द्या. त्याहून चांगला अंदाज कुंडी उचलून येतो: हलकी लागली तर पाणी, जड लागली तर उद्या बघू.

पानगळ आणि छाटणी

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लाल पानं फिकुटतात, मग गळू लागतात, मागोमाग हिरवीही. इथे घाबरून पाणी वाढवणं हीच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. पानं नसलेल्या झाडाला पाणी फार कमी लागतं. शंका असेल तर फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत ओलसर हिरवा पापुद्रा दिसला आणि त्यावर चिकाचा थेंब आला, की झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर तेवढी फांदी गेली, जरा खाली खरवडून बघा.

छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत उरका. परदेशी माहितीत एप्रिल-मे लिहिलेलं असतं, ते थंड देशांसाठी. आपल्याकडे मार्चमध्येच डोळे (फांदीवरच्या, नवा कोंब जिथून निघतो त्या गाठी) फुटायला लागतात. प्रत्येक फांदीवर तीन-चार डोळे ठेवून, मातीपासून साधारण ४ ते ६ इंचांवर, डोळ्याच्या किंचित वर धारदार कात्रीने कापा. बारक्या, आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढा. झाड अगदीच बोडकं दिसेल, दिसू द्या.

चिकाबद्दल थोडं. पॉइन्सेटिया जीवघेणा विषारी आहे ही समजूत जगभर पसरलेली असली तरी ती खोटी आहे. मात्र चीक कातडीला खाजतो, डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते, आणि मांजराने किंवा लहान मुलाने पान चघळलं तर उलटी-मळमळ होऊ शकते. रबराचे हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, कात्री स्पिरिटने पुसा. कापलेल्या जागी ओला फडका काही सेकंद दाबून धरला की चीक थांबतो. रबराची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवलेलं बरं.

कुंडी आणि माती

छाटणीनंतर नवे कोंब दिसू लागले की कुंडी बदला. नर्सरीची झाडं बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात. ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मुळांचा गोळा हलक्या हाताने मोकळा करा, जुनं कोकोपीट जेवढं सहज सुटेल तेवढं काढा.

आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी कुंडी पुरते, ८ इंचांची बहुतेकांना योग्य. फार मोठी घेऊ नका, पावसाळ्यात ती वाळतच नाही. मिश्रण म्हणून मी साधारण चार भाग कोकोपीट, तीन भाग लाल माती, दोन भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे) घेते. परलाइट नसेल तर विटेचा बारीक चुरा चालतो. मूठभर निंबोळी पेंड घाला. समुद्राची वाळू कधीही नको, तिच्यातलं मीठ मुळांना बाधतं. माती किंचित आम्लधर्मी असेल तर झाड खूश असतं, म्हणून चुना किंवा राख टाकायच्या फंदात पडू नका.

मातीची कुंडी घ्यावी की प्लास्टिकची? खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर वजनासाठी प्लास्टिक, जमिनीवर ठेवणार असाल तर माती. मातीची कुंडी पावसाळ्यात लवकर वाळते, हा तिचा मोठा फायदा.

एप्रिल ते जून

सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन आणि नंतर लख्ख उजेड अशी पूर्वेची बाल्कनी सर्वांत उत्तम. पश्चिमेची बाल्कनी असेल तर दुपारी दोननंतर हिरवी शेडनेट किंवा जुनी सुती ओढणी आडवी लावा, मे महिन्यातलं चारचं ऊन पानांच्या कडा करपवतं. पाणी आता जवळजवळ रोज लागेल.

नवी पानं नीट पसरली की खत सुरू करा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, दर १०-१५ दिवसांनी, ओल्या मातीत. महिन्यातून एकदा गांडूळखताचा पातळ थर. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे, एप्सम मीठ लिटरला १ ग्रॅम घालून एकदा द्या. याहून जास्त लाड नकोत.

झाड आता पहिल्या वर्षीपेक्षा उंच आणि सैल वाढेल. यात तुमचा दोष नाही. नर्सरीत झाड बुटकं राहावं म्हणून वाढ रोखणारी रसायनं दिलेली असतात, त्यांचा असर आता संपलेला असतो. तो दाट आकार परत हवा असेल तर शेंडे खुडत राहणं हाच उपाय. फांदीवर सहा-सात पानं झाली की चार-पाच ठेवून वरचा कोवळा शेंडा चिमटीने काढा. तिथून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. जेवढे शेंडे, तेवढे लाल तुरे.

नवी रोपं करायची असतील तर हे खुडलेले शेंडेच लावा, फक्त ४-५ इंच लांब घ्या. खालची पानं काढा, चीक थांबेपर्यंत पाण्यात धरा, मग ओलसर कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. मुंबईच्या जूनच्या दमट हवेत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. जुलैच्या झडीत मात्र शेंडे कुजण्याचं प्रमाण वाढतं, तेव्हा हे काम त्याआधीच करा.

पावसाळा

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. कोरड्या जंगलातल्या झाडाला हे झेपत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यातच कुंड्या छपराखाली घ्या, जिथे उजेड आहे पण पावसाचा मारा नाही. कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोक मोकळं राहील. आठवडाभर पाणी द्यावं लागलं नाही तरी चालेल. मुळं कुजू नयेत म्हणून ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी महिन्यातून एकदा मातीत मिसळा. पानं मलूल आणि माती ओली असं दिसलं, तर ती तहान नव्हे, मुळं कुजतायत. पाणी बंद करा, झाड काढून काळी पडलेली मुळं कापा आणि कोरड्या मिश्रणात लावा. वाचलं तर वाचलं.

किडींत पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी हे दोनच खरे त्रासदायक. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. पसरले असतील तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. लाल पानं आल्यावर तेल फवारू नका, डाग पडतात.

शेंडे खुडणं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांबवा. गणपतीच्या गडबडीत हे राहून जातं आणि मग लोक ऑक्टोबरात कात्री लावतात. त्यानंतर खुडलेल्या फांदीला रंगायला वेळच उरत नाही.

काळोखाचे आठ-दहा आठवडे

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून झाडाला रोज सलग १४ तास काळोख आणि उरलेले १० तास भरपूर उजेड द्यायचा. हे आठ ते दहा आठवडे चालतं. काळोख म्हणजे मिणमिणता उजेडही नाही. रस्त्यावरचा पांढरा एलईडी, समोरच्या इमारतीचा जिन्यातला दिवा, आपल्याच हॉलची ट्यूब, यांतलं काहीही रात्रीचे तुकडे पाडायला पुरेसं होतं. रात्र मधेच तुटली की झाडाला ती छोटीच वाटते, मग एकूण तास कितीही भरोत. चंद्रप्रकाशाची चिंता नको, तो फारच मंद असतो.

तुमची जागा पुरेशी काळोखी आहे का, हे बघायची ढोबळ कसोटी अशी: रात्री दहाला घरातले सगळे दिवे बंद करा, झाडाजवळ उभे राहा आणि भिंतीसमोर हात धरा. हाताची सावली ओळखू येईल इतकी उमटली तर बाहेरचा उजेड जास्त आहे. मुंबईत ती बहुधा उमटतेच.

मग झाकणं आलं. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी पाच ते सकाळी सात अशी वेळ सांगतात. मी आपल्याकडे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ सुचवेन. ऑक्टोबरात पाच वाजता बाल्कनी तापलेली असते, तेव्हा झाकलं तर आत भट्टी होते आणि गरम रात्रीने रंग आणखी लांबतो. सकाळचे सहा ते आठ हे दिवसातले सर्वांत गार तास आहेत, काळोख वाढवायचा तर त्या बाजूने वाढवा. त्याच कारणासाठी प्लास्टिकची काळी पिशवी वापरू नका. कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड झाडाभोवती उभा करून त्यावर काळं सुती कापड दुहेरी टाकलं की हवाही खेळते आणि उजेडही अडतो. कापड जमिनीपर्यंत पोचायला हवं, कारण उजेड बहुतेक वेळा खालून शिरतो. एक-दोनच कुंड्या असतील तर मोठा पुठ्ठ्याचा खोका उलटा टाकला तरी भागतं. कुंडी रोज उचलून बाथरूममध्ये नेणारेही आहेत, पण रात्री कुणीतरी उठून दिवा लावतोच.

याच आठवड्यांत आपले सगळे उजेडाचे सण येतात. नवरात्रात समोरच्या मैदानावर गरब्याचे फ्लडलाइट, मग दिवाळीत बाल्कनीत आकाशकंदील आणि ग्रिलवर दिव्यांच्या माळा. कंदील लावू नका असं कोण सांगणार! कापड नीट असेल तर कंदिलाखालीही काम होतं. एखाद्या रात्री विसरलात तर आकाश कोसळत नाही, रंग काही दिवस लांबतो इतकंच. आठवड्यातून दोन-तीनदा विसरायला लागलात तर मात्र सगळी मेहनत फुकट.

दिवाळीत गावी जाणार असाल तर उलट सोय होते. उजेडाच्या, पण रस्त्याचा दिवा आत न येणाऱ्या खिडकीशी कुंडी ठेवा. कुलूपबंद घरात रात्री दिवा लावायला कुणीच नसतं. पाण्यासाठी सुताची जाड वात एक टोक मातीत आणि दुसरं पाण्याच्या बाटलीत सोडून ठेवा. झाकलेलंच झाड चार दिवस तसंच सोडून जाऊ नका, पानं गळतील.

दिवसाचे १० तास तितकेच महत्त्वाचे. रात्र नीट पाळली पण दिवसा झाड अंधाऱ्या डक्टशेजारी ठेवलं, तर रंग येतो तो मळकट आणि लहान पानांचा. निदान चार-पाच तास ऊन किंवा अगदी लख्ख उजेड हवा. खत चालू ठेवा, फक्त नोव्हेंबरच्या मध्यानंतर निम्मं करा.

पहिली खूण नोव्हेंबरात दिसते, आणि बघायला मजा येते. शेंड्याचं कोवळं पान देठाकडून, मधल्या शिरेच्या कडेने लालसर होतं, उरलेलं हिरवंच. त्यानंतरचं पान अर्धं लाल, त्यापुढची पूर्ण लाल. पूर्ण लाल पानांचा तुरा बोटाच्या पेराएवढा मोठा झाला आणि मध्ये गुंड्या दिसू लागल्या की झाकणं थांबवलं तरी चालतं. नोव्हेंबरअखेर रात्री गार व्हायला लागतात, त्या पंधरवड्यात रंग भराभर चढतो.

जमीन असेल तर

चाळीच्या मागे, सोसायटीच्या आवारात किंवा वसई-उरणकडच्या घराभोवती जागा असेल तर पॉइन्सेटिया सरळ जमिनीत लावा. नर्सरीच्या बुटक्या जातींपेक्षा जुन्या, उंच वाढणाऱ्या जातीची फांदी कुणाकडून मिळाली तर ती बघा, ती जमिनीत जास्त चिवट असते, फक्त रंगते उशिरा. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि रस्त्याच्या दिव्यापासून लांबची हवी. इमारतीच्या ज्या बाजूला रात्री खिडक्यांचा उजेड पडत नाही, तीच बाजू निवडा. दिव्याखाली लावलेलं झाड बघितलं तर गंमत दिसते: दिव्याकडच्या फांद्या जानेवारीतही हिरव्या आणि पलीकडच्या लाल. मार्चमध्ये गुडघ्याएवढं छाटायचं, ऑगस्टमध्ये एकदा शेंडे खुडायचे. छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकून देऊ नका, चीक सुकेपर्यंत मुलांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, मग खतखड्ड्यात टाका.